चारशे सतरा नंबरचा जबडा

प्रिय इन्स्पेक्टर,

पाकीट उघडलंस म्हणजे अर्धं काम झालं. न उघडताच फाडशील अशी भीती होती, म्हणून वर नाव घातलं नाही, नुसता तुमच्या घराचा नंबर लिहिला, तोही डाव्या हातानं, कारण माझं अक्षर तू लांबून ओळखतेस. पाकीट बाबांच्या गुलाबी मेणानं बंद केलंय. मेण आधीच तुटलेलं असेल तर काकूंनी वाचलं असं समज आणि पुढचं वाचू नका म्हणून त्यांना सांग. काकू, खरंच नका वाचू.

विज्ञान प्रदर्शनाला आज तेवीस दिवस झाले. तेवीस दिवसांत तू माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस. फोनवर ब्लॉक केलंस, वर्गात बाक बदललास, आणि काल जिन्यात अगदी समोरासमोर आलो तरी तू भिंतीकडे बघत खाली उतरून गेलीस. त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नाही, मी नंतर जाऊन तपासलं. एक खिळा आहे, त्यावर काही टांगलेलं नाही. तेव्हा आधीच सांगून टाकते : मला तू परत हवी आहेस. हे पहिल्यांदाच सांगितलेलं बरं, नाहीतर ‘हिला नक्की पाहिजे तरी काय’ हाच प्रश्न घेऊन तू शेवटपर्यंत वाचशील आणि मधलं काही डोक्यात शिरणार नाही. तुला एक प्रश्न पडला की दुसरं काही सुचत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक!

बाबांचा कारखाना तसाच आहे. कारखाना आपण कौतुकानं म्हणायचं, आहे ती तळमजल्यावरची दीड खोली. दारामागे प्लॅस्टरची गोणी, खिडकीशी घासायचं यंत्र, आणि भिंतभर फळ्यांवर जबडे. दातांचे डॉक्टर माणसांच्या तोंडाची मापं पाठवतात, बाबा त्यांत प्लॅस्टर ओतून जबडे काढतात आणि त्या जबड्यांवर कवळ्या आणि प्लेटी बनवतात. गेल्या आठवड्यात घासायच्या यंत्राचा पट्टा तुटला आणि एक आख्खी दाढ उडून बाबांच्या चहात पडली. बाबांनी चहा गाळून प्यायला. ही बातमी मी तुझ्यासाठी राखून ठेवली होती, कारण घरात ती ऐकून कुणी हसलं नाही. आई म्हणाली, “तोंडात टाकायची वस्तू तोंडाजवळ गेली, त्यात काय एवढं?”

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस मला चांगला आठवतो. आपण नऊ वर्षांच्या होतो. माझ्या वर्गातल्या दुसऱ्या दोघी त्याआधी येऊन गेल्या होत्या आणि त्या फळ्या बघून किंचाळत सुटल्या होत्या. तू दारात उभी राहिलीस, पायातले बूट काढायचंही विसरलीस, आणि सगळ्या जबड्यांवरून नजर फिरवून बाबांना विचारलंस, “काका, यांतला सगळ्यात रागीट कोण?” बाबा घासायचं काम टाकून उठलेच. असा प्रश्न त्यांना वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता म्हणे. त्यांनी झिजलेल्या सुळ्यांचा एक जबडा काढून तुझ्या हातात दिला, हा माणूस दिवसरात्र दातओठ खातो म्हणून सांगितलं, आणि तिथल्या तिथे तुला इन्स्पेक्टर करून टाकलं. मी नुसती वही धरून उभी होते म्हणून मी हवालदार. मी जन्मल्यापासून त्याच घरात राहते, पण तोवर मला कुणी कसलं पद दिलं नव्हतं.

मग आपली वही सुरू झाली. दर रविवारी बाबांच्या टाकाऊ खोक्यातून एक जबडा उचलायचा आणि त्यावरून माणूस ओळखायचा. नाव कधीच कळायचं नाही, कारण डॉक्टर नुसता नंबर पाठवतात आणि बाबाही कधी नाव विचारत नाहीत. आपल्याला ते फार आवडायचं. नाव कळलं असतं तर तपास कसला राहिला असता! हा डाव्या बाजूनंच चावतो, उजवीकडे दुखत असणार. ही पेन्सिल कुरतडते. हा तोंड उघडं टाकून झोपतो. आणि पुढच्या दाताला खाच असलेला तो एकशे नव्वद नंबरवाला आठवतो? तीन रविवार आपण त्या खाचेवर घालवले. मी म्हणायचे खिळे धरत असेल, सुतार असणार. तू म्हणायचीस दोरा. शेवटी कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांच्या दुकानासमोर आपण तासभर टक लावून उभ्या राहिलो आणि त्यांनी दाताखाली धरून दोरा कट्कन तोडला तेव्हा तू इतक्या मोठ्यानं “सापडला!” म्हणून ओरडलीस की त्यांच्या हातून कात्री पडली. वर तू त्यांना “काका, जरा तोंड उघडा बघू” म्हणालीस आणि त्यांनी उघडलं! त्यांची खाच शेजारच्या दाताला निघाली, म्हणजे आपला माणूस दुसराच कुणी शिंपी होता. पण परत येताना तुझी मान अशी काही ताठ होती की विचारायची सोय नाही.

आणि मग तू पोहायला लागलीस. मी त्याला वाईट म्हणत नाहीये. तू छान पोहतेस, मी पाहिलंय. आधी तू रविवारी ओल्या केसांनी यायचीस आणि वहीवर थेंब पडायचे. मग अर्धा तासच यायला लागलीस. मग एका रविवारी आली नाहीस आणि सोमवारी मला वाटलं तू काही सांगशील, तर तू तुमच्या पोहण्याच्या वर्गातल्या उंच मुलीबरोबर बसून कुठल्या तरी गोष्टीवर हसत होतीस आणि मला ती गोष्ट माहीत नव्हती. उंच मुलीचा मला राग नाही. म्हणजे आहे, पण तिनं काही केलं म्हणून नाही. एकदा मी तलावाच्या काठावरच्या बाकावर येऊन बसले होते, तेव्हा तू पाण्यातून मला हात केलास. घरी आलेल्या पाहुण्यांना करतात तसा. मी थोडा वेळ बसले आणि घरी गेले.

मला एक कोडं अजून सुटलेलं नाही. हे नक्की कुठल्या दिवशी झालं? वही घेऊन मी मागे मागे जात पाहिलं. तुझ्या अक्षरातली शेवटची नोंद फेब्रुवारीतली आहे, ‘तीनशे बासष्ट, आजोबा, बहुतेक प्रेमळ.’ त्या दिवशी आपण भांडलो नव्हतो. उलट बाबांनी दिलेल्या मेणाच्या मिशा लावून खूप हसलो होतो. मग पुढच्या रविवारी काय झालं? काहीच नाही. मी सगळे पुरावे तपासले, इन्स्पेक्टर, आणि काहीच झालेलं नाही. भांडण झालं असतं तर निदान कुणाचं चुकलं ते तरी कळलं असतं. मी मोठ्या ताईला विचारलं तर ती म्हणाली, “मोठं होताना होतं असं.” मोठी माणसं उत्तर येत नसलं की असंच म्हणतात.

आता चारशे सतरा नंबरबद्दल.

प्रदर्शनाच्या दोन आठवडे आधी हा जबडा कारखान्यात आला. मी एकटीच वही चालवत होते. विज्ञानाच्या बाईंनी ‘दात काय सांगतात’ हा विषय मान्य केला होता आणि मला चार चांगले जबडे हवे होते. तीन खोक्यात मिळाले, त्यांत आपला शिंपी होता. चौथा बरा मिळेना. बाबा प्रत्येक मापाचे दोन जबडे ओततात हे तुला माहीत आहे, एक कामाचा, एक सांभाळायचा. सांभाळायच्या फळीला आपण हात लावायचा नाही हेही माहीत आहे. पण चारशे सतरा तिथे होता आणि तो इतका सुंदर होता की मी काय सांगू! तू असतीस तर तूही उचलला असतास. असं लिहून मी तुला माझ्यात ओढू नये, खोडते. मी उचलला.

त्यात वाचण्यासारखं फार होतं. मागची दाढ हिरडीतून नुकती डोकावत होती आणि एक दुधाचा दात अजून हटून बसला होता, म्हणजे वय बारा-तेरा. उजव्या दाढा जास्त झिजलेल्या, म्हणजे उजवीकडून चावते. आणि वरचा-खालचा जबडा एकमेकांवर ठेवला की मागचे दात मिटायचे पण पुढे मधोमध एक गोल फट राहायची. त्या फटीत माझा अंगठा बरोब्बर बसला. आधी मला ते अजब वाटलं आणि मग एकदम कळलं की तिथे कुणाचा तरी अंगठा बसत असणार. टाळूही अरुंद आणि उंच झाली होती. बाबांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं तेव्हा ते म्हणाले की बऱ्याच मुलांचं असतं, झोपेत होतं, त्यात त्यांचा काही दोष नसतो. तेवढं ऐकून मी वर पळाले आणि वहीत आपल्याजवळचा सगळ्यात चांगला तपास लिहून काढला. खरं सांगू का, मला ती मुलगी आवडली. फळीवरच्या इतक्या जबड्यांत माझ्या वयाचं कुणी पहिल्यांदाच आलं होतं. मी वहीत लिहिलंय, ‘हिच्याशी ओळख करून घ्यायला आवडेल.’ काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

कारण चारशे सतराच्या वरच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला होता. तो मला दिसला नाही असं नाही. पहिल्यांदा तोच दिसला. मी तेही लिहिलंय, हवी तर वही दाखवेन : ‘कोपरा तुटलाय, अगदी इन्स्पेक्टरसारखा. पण तिचा उजवीकडचा तुटलाय आणि हा डावीकडचा.’ आपण दोघी दगडी पायऱ्यांवरून घसरत आलो होतो आणि मी आधी खाली पोचून तुझ्या वाटेत उभी राहिले होते, त्या दिवशी तुझा दात तुटला. तेव्हापासून तो मी रोज पाहते, समोरून. माझ्या उजव्या हाताला. आणि जबडा आम्ही नेहमी मागून बघतो, जीभ असते त्या बाजूनं, आत बसून बाहेर बघितल्यासारखा. बाबांनी मला चालायच्या आधी हे शिकवलं असेल. त्या बाजूनं बघितलं की तुझा तो दात डावीकडे येतो. एवढं साधं. कारखान्यातल्या कुणाचीही मुलगी डोळे मिटून सांगेल, आणि मी नाही सांगितलं, कारण तू मला जबडा वाटलीच नव्हतीस कधी. तुझे पुढचे दात जरासे पुढे आहेत हे मला चार वर्षं दिसतंय. ते का पुढे आहेत असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. ज्याच्या त्याच्या तोंडात डोकावणारी मी, आणि तुझ्या तोंडाकडे मी फक्त तू काय बोलतेस ते ऐकायला बघायचे.

तर कागद लिहिताना मला माहीत नव्हतं. हे अगदी खरं आहे आणि याची मी शपथ घेते.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहात काय झालं ते तुला माहीतच आहे, तरी माझ्या बाजूनं सांगते. माझ्या टेबलाशी आधी कुणी थांबेना. शेजारच्या टेबलावर ज्वालामुखी होता, आणि ज्वालामुखीपुढे दातांना कोण विचारतो! मग बाईंनी सगळ्यांना माझ्याकडे वळवलं. मी शिंपी सांगितला, तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी “हो का?” म्हणालं. तो “हो का” मला काय गोड लागला! मग पेन्सिलवाली सांगितली, मग रागीट माणूस. गर्दी वाढली. पोहणाऱ्या सगळ्या आल्या, उंच मुलगी पुढे, आणि तू तिच्या खांद्यामागे. इतक्या महिन्यांनी तू माझ्या जबड्यांकडे बघत होतीस. मला वाटलं, आता हिला दाखवते, हिच्यावाचून माझं काही अडलेलं नाही. मग मी चारशे सतरा उचलला आणि कागदावरचं वाचायला लागले. ही बारा वर्षांची मुलगी आहे. ही उजव्या बाजूनं चावते. हिच्या दाताचा कोपरा पडल्यामुळे तुटला आहे. ही झोपेत अंगठा चोखते. सगळे हसले. “अय्या, एवढी घोडी!” असं उंच मुलगी म्हणाली, “कोण असेल गं?” आणि सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. नंतर बघितलं तर तू तिथे नव्हतीस. मला पहिलं बक्षीस मिळालं आणि पुढच्या फेरीसाठी निवड झाली.

घाबरू नकोस, कुणालाही कळलेलं नाही. मी तेवीस दिवस कान लावून ऐकतेय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे विसरले होते, ज्वालामुखीचा साबण कुणाच्या तरी डब्यात गेला त्याचीच चर्चा होती.

त्यानंतरच्या सोमवारी कारखान्यात दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. बाबांचे हात मेणाचे होते म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या की चारशे सतराची प्लेट तयार असूनही मुलगी बसवायला आली नाही, यायचंच नाही म्हणते, आईला काही सांगत नाही, शाळेच्या प्रदर्शनापासून बिघडलंय एवढंच आईला माहीत. बाबांनी हात पुसले, सांभाळायच्या फळीकडे पाहिलं, तिथे एक मोकळी जागा होती, आणि मग माझ्याकडे पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला स्टुलावर बसवून सांगितलं, “लोक आपल्याला त्यांचं तोंड आतून बघू देतात. आईलासुद्धा कुणी एवढं बघू देत नाही.” ती मुलगी कोण ते मी सांगायला गेले तर त्यांनी हात वर केला. “मी नाव विचारत नाही. तूही सांगायचं नाहीस.” मग त्यांनी मला प्लेट दाखवली. पारदर्शक आहे, टाळूला चिकटून बसते, आणि पुढे तारेची एक छोटी कड आहे, अंगठा आत गेला की ती आडवी येते. बोचत नाही, मी बोट लावून पाहिलं. बाबा म्हणाले, बऱ्याच जणांची सवय पहिल्या आठ-दहा दिवसांतच सुटते. पण वाढीचा जबडा आहे, फार दिवस प्लेट पडून राहिली तर बसायची नाही, पुन्हा पहिल्यापासून माप घ्यावं लागेल.

तलावाच्या फलकावर पोहण्याच्या शिबिराची यादी लागली आहे. चार दिवस, तीन मुक्काम, सगळ्या मुली एका मोठ्या खोलीत. तुझं नाव सहावं होतं आणि त्यावर रेघ मारलेली आहे. ती रेघ तुझीच आहे, तू रेघ मारताना शेवटी पेन वर उडवतेस. मग मला सगळं एकापुढे एक लागलं. तू डॉक्टरांकडे गेलीस ती शिबिरासाठी. तुला त्या खोलीत झोपायचं होतं. कुणी हाकललं नाही, कुणी ओरडलं नाही, तू आपणहून काकूंना म्हणालीस की मला हे बंद करायचंय. किती धीर लागला असेल! आणि मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मी काय म्हणाले माहीत आहे? धीर-बीर काही नाही. मी मनात म्हणाले, त्यांच्यासाठी गेली, माझ्यासाठी नाही गेली. असंच आलं मनात. खोटं लिहीत नाही.

पुढच्या फेरीला मी जाणार नाही. बाईंना सांगितलंय, कारण सांगितलं नाही, म्हणून त्या माझ्यावर रागावल्या आहेत. तो सांभाळायचा जबडा बाबांनी माझ्यादेखत फोडला. परवा मी बाबांना म्हटलं, माझं माप घ्या. ते घेताना काय होतं ते तुला आता माहीत आहे : थंडगार लगदा घशाकडे सरकतो, ओकारी येते, आणि डॉक्टर म्हणतात नाकानं श्वास घे. मी तीनदा ओकारी काढली. जबडा वाळल्यावर तासभर घेऊन बसले, पुढून मागून, भिंगातून. मला वाटलं होतं की काहीतरी वाईट दिसेल. काही नाही! सरळ दात, एक किडकी दाढ, जेवण दोन्ही बाजूंनी. इतका कंटाळवाणा जबडा आपण खोक्यातून उचलला नसता. जे मी केलं ते त्यात कुठेच दिसत नाही, म्हणून ते लिहूनच सांगायला हवं.

वर मी शपथ घेतली ती कागद लिहितानाची होती, आणि तेवढी ती खरी आहे. पण तू मूर्ख नाहीस. मला माहीत नव्हतं एवढंच सांगायला मी पत्र लिहिलं असतं तर तू ते फाडलं असतंस, आणि बरोबर केलं असतंस. मी दाताच्या कोपऱ्याचं वाक्य वाचलं तेव्हा उंच मुलीच्या खांद्यामागे तुझा हात तोंडावर गेला. त्याच क्षणी जबडा माझ्या हातात उलटा फिरला, म्हणजे जागचा हलला नाही, पण मला तो समोरून दिसला आणि मला कळलं. मला थांबता आलं असतं. मी अंगठ्याचं वाक्य वाचलं. सगळे हसले, आणि तरी तू तिथेच उभी होतीस, हात तसाच ठेवून, मी पुढे काही बोलत नाही ना ते बघत. तुला आठवतंय मी पुढे काय बोलले? चार वर्षांत मी तुला किती वेळा म्हटलं असेल, आज राहा ना आमच्याकडे. दर वेळी तू काहीतरी सांगून घरी जायचीस, आणि मला वाटायचं आमचं घर तुला आवडत नाही, दीड खोलीचा तो वास आवडत नाही. ते सगळं त्या क्षणी माझ्या तोंडाशी आलं आणि मी सगळ्यांना म्हणाले, “म्हणूनच ही मुलगी कधी कुणाकडे राहायला जात नसणार.” सगळ्यात मोठं हसू त्या वाक्याला आलं. मगच तू गेलीस. ते वाक्य दातांवरून कुणालाच सांगता येत नाही, ते फक्त तुझ्या मैत्रिणीला माहीत असतं, आणि ते तुलाही कळलं. कागदावर चार वाक्यं होती, इन्स्पेक्टर. पाचवं माझं होतं. त्याच्यासाठी हे पत्र. माफ कर असं म्हणतेय, पण करायलाच हवं असं नाही. फक्त शनिवारी अकराला डॉक्टरांकडे जा, त्या थांबणार आहेत असं बाबांनी सांगितलंय, आणि तलावाची यादी संध्याकाळी पाचपर्यंत उघडी आहे. माझ्यामुळे ती खोली सोडू नकोस. तिथे उंच मुलीच्या शेजारी झोपलीस तरी चालेल मला.

तू बडतर्फ करेपर्यंत तरी,
तुझीच,
हवालदार